कडुनिंबाच्या पारावर बसणाऱ्या मित्रास

सोलापूर,
दि. १८ जून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. मी बाजारातून नुकताच आलो होतो. आईने ते दारातच हातात दिले आणि पिशवी खाली न ठेवताच मी ते वाचून काढले. तू दोन प्रश्न विचारले आहेस. व्यायाम शिकायला चार वर्षांची पदवी आणि थेट अमेरिकेतले विद्यापीठ कशाला लागते, हा एक. आणि ते विद्यापीठ ख्रिस्ती असल्यामुळे तिथे आपल्यासारख्या मुलाला नेमके काय करावे लागते, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे देतो. परंतु पत्राच्या शेवटी तू जाता जाता एक वाक्य लिहिले आहेस, ‘मी मुळात खेळणाऱ्यातला नव्हेच, मला यातले काय कळणार’, आणि खरे सांगायचे तर हे सारे पत्र मी त्या एका वाक्यासाठी लिहीत आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी. आमच्या विद्यापीठात आठवड्यातून दोनदा सर्वांनी प्रार्थनासभेला बसायचे असते आणि पदवीच्या काळात बायबलविषयीचे दोन अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात. धर्म बदल, असे मला आजवर कोणी म्हटलेले नाही. सामन्यापूर्वी दोन्ही संघ मैदानाच्या मध्यभागी एकत्र गोल करून उभे राहतात आणि कोणाला इजा होऊ नये म्हणून प्रार्थना करतात. पहिल्या सत्रात मला हे परके वाटले. नंतर आजोबांची तालीम आठवली. आखाड्यात उतरण्यापूर्वी चिमूटभर लाल माती कपाळाला लावून मारुतीसमोर हात जोडल्याशिवाय आजोबा कोणालाही जोर मारू देत नसत. अंगात रग असलेल्या पोराला तर ते आधी मारुतीचा गाभारा झाडायला लावत. बायबलमध्ये, संत पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात माणसाच्या शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे, आणि आमचे प्राध्यापक शरीरशास्त्राच्या पहिल्याच तासाला हा उल्लेख करतात. शरीर आपल्या मालकीचे नसून आपल्याकडे सांभाळायला दिलेले आहे, ही भावना मला त्या वर्गात नवी वाटली नाही. आजोबांनी ती शब्दांत कधी मांडली नव्हती, एवढाच फरक.

शारीरिक शिक्षणाचा आणि ख्रिस्ती संस्थांचा संबंध किती जुना आहे हे मात्र मला तिथे जाऊनच कळले. आपण शाळेत जो बास्केटबॉल खेळायचो तो १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण विद्यालयात जन्माला आला. तो खेळ शोधणारे जेम्स नेस्मिथ धर्मशास्त्राचे पदवीधर होते. हिवाळ्यात बाहेर खेळता येत नाही म्हणून कंटाळलेल्या मुलांसाठी त्यांनी व्यायामशाळेच्या कठड्याला पीच ठेवण्याच्या दोन टोपल्या टांगल्या आणि १३ नियम लिहून काढले. चारच वर्षांनी, जवळच्याच होल्योक गावच्या वायएमसीएमध्ये विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल बसवला. त्याच स्प्रिंगफील्डमध्ये शिकलेले हॅरी क्रो बक भारतात आले आणि १९२० साली त्यांनी मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले; १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणून तेच गेले होते. हे वर्गात सांगितले गेले तेव्हा मी हात वर करून अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे नाव घेतले, कारण ते १९१४ चे आहे, मद्रासच्याही सहा वर्षे आधीचे. प्राध्यापकांनी ते नाव फळ्यावर लिहायला लावले. तुला सांगतो, त्या दिवशी मला फार बरे वाटले.

आता पहिला प्रश्न. आम्ही रक्ताभिसरण शिकतो, स्नायू कसे आकसतात ते शिकतो, सांध्यांवर पडणारा भार मोजतो, आहारशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकतो. पळत्या पट्ट्यावर माणसाला चालवून, तोंडाला नळी आणि नाकाला चिमटा लावून, त्याचे शरीर एका मिनिटाला किती प्राणवायू वापरते ते काढतो. पण या सगळ्यांत माझ्या मनावर जो तास कोरला गेला आहे तो शवविच्छेदनाचा. आत जाण्यापूर्वी, ज्यांनी देहदान केले त्यांच्यासाठी सर्वांनी शांतपणे उभे राहायचे असते. त्या दिवशी आमच्या टेबलावर फुप्फुसे होती. मुख्य श्वासनलिका बोटांत धरली की तिच्यातल्या कूर्चेची, म्हणजे मऊ हाडासारख्या भागाची, कडी स्पष्ट हाताला लागतात, जणू जाड पन्हळीचा पाइप. तिला फाटे फुटत जातात तसतसा हा कडकपणा कमी होत जातो, आणि अगदी बारीक फाट्यांपाशी कूर्चा उरतच नाही. तिथे भिंतीत असतो तो केवळ स्नायूंचा पातळ थर. प्राध्यापकांनी चिमट्याच्या टोकाने असा एक फाटा दाखवला आणि म्हणाले, ‘दम्यात आवळते ते इथे.’

त्या क्षणी मला तू दिसलास. शाळेच्या पटांगणाच्या कडेला असलेल्या कडुनिंबाच्या पारावर, आम्हा सगळ्यांच्या चपला, घड्याळे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसलेला तू. पाचवीत एकदा धावताना तुला धाप लागली, काकूंनी चिठ्ठी पाठवली आणि त्यानंतरची पाच वर्षे आपल्या पीटीच्या सरांनी तुला मैदानात पाऊल ठेवू दिले नाही. त्यांच्या मनात वाईट काही नसेल. परंतु तुला काय करता येईल असे त्यांनी एकदाही विचारले नाही, आणि मीही विचारले नाही. बाटली तुझ्या हातात देऊन मी कबड्डीला पळत असे. त्याबद्दल मी आज तुझी मनापासून क्षमा मागतो.

आता मला जे ठाऊक आहे ते तुला सांगतो, कारण ते तुला तेव्हाच कोणीतरी सांगायला हवे होते. जोरात धावताना आपण तोंडाने भराभर हवा ओढतो. नाकातून जाताना ती जशी उबदार आणि दमट होते तशी व्हायला वेळच मिळत नाही. या कोरड्या हवेने श्वासनलिकांचे अस्तर कोरडे पडते आणि ज्याला दमा आहे त्याच्या बारीक नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात. त्रास बहुधा थांबल्यानंतरच्या काही मिनिटांत सर्वांत जास्त होतो आणि पुढे अर्ध्या-एक तासात ओसरतो. म्हणून थेट पळत सुटण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटे अंग हळूहळू तापवायचे, डॉक्टरांनी सांगितला असेल तर श्वासातून औषध ओढायचा पंप सुमारे पंधरा मिनिटे आधी घ्यायचा, आणि शेवटी एकदम न थांबता वेग कमी करत आणायचा. पोहणे अनेकांना सोसते, कारण पाण्यालगतची हवा दमट असते. दमा आटोक्यात असलेल्या मुलाला खेळू न देण्याचे कारण शास्त्रात मला कुठेही सापडलेले नाही. उलट ५ ते १७ वर्षांच्या प्रत्येक मुलाने रोज सरासरी ६० मिनिटे तरी अंगमेहनत करावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या ‘प्रत्येक’ शब्दात तू होतास.

तुझ्या वडिलांनाही एक गोष्ट सांग. १९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा, जिने चढउतार करत तिकिटे फाडणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. आमच्या विषयाचा पाया ज्या अभ्यासांवर उभा आहे त्यांतला हा एक. काकांनी एसटीत गर्दीतून वाट काढत तिकिटे देण्यात जी वर्षे घालवली, ती आठवून मी तो धडा दोनदा वाचला. व्यायाम म्हणजे खेळाडूंचे काम, ही समजूत तिथेच गळून पडते. येत्या काही दिवसांत शेगावची पालखी सोलापुरात येईल, तेव्हा सत्तरीच्या म्हाताऱ्या डोक्यावर तुळस घेऊन चालताना पाहा. त्यांना कोणी क्रीडापटू म्हणत नाही.

मागच्या सत्रात मला जवळच्या एका शाळेत अपंग मुलांच्या वर्गावर पाठवले होते. चाकाच्या खुर्चीत बसलेली एक मुलगी चेंडू टोपलीपर्यंत पोहोचवू शकत नव्हती. तिथल्या बाईंनी टोपली खाली आणली, चेंडू हलका घेतला आणि बचाव करणाऱ्यांना हातभर अंतर राखायला सांगितले. बस, एवढेच. खेळ बदलला, मुलीला बाजूला बसवले नाही. तिचा चेंडू सातव्या खेपेला पडला आणि सगळा वर्ग ओरडला. त्या रात्री मी ठरवले की केवळ व्यायामविज्ञान न घेता शारीरिक शिक्षणाचे विषयही घ्यायचे आणि परत येऊन शाळेतच शिकवायचे.

घरी हे सांगितले तेव्हा बाबा काही वेळ गप्प राहिले. त्यांची काळजी मला समजते. परदेशी पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची असल्याची मान्यता, म्हणजे समकक्षता, घ्यावी लागेल, आणि शाळेत लागायचे तर इथे बीपीएड ही शारीरिक शिक्षकाची दोन वर्षांची पदवी करावी लागेल. शिवाय अनेक शाळांत पीटीचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला देऊन टाकतात, आणि उरलेल्या वेळी जिल्हा स्पर्धेला पाठवण्याजोगी दहा-बारा मुले निवडून बाकीच्यांना वाऱ्यावर सोडतात, हेही मी पाहिले आहे. मला त्या बाकीच्यांचा शिक्षक व्हायचे आहे. सोलापूरच्या उन्हात ते कसे करायचे याचाही मी विचार करतो आहे: शरीराला उष्म्याची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून जूनमध्ये शाळा उघडताच पहिल्याच दिवशी मुलांना मैदानाला फेऱ्या मारायला लावणे हा अडाणीपणा आहे. तास सकाळी घ्यावेत, सावलीत पाण्याचा माठ असावा, आणि पहिले दहा दिवस मेहनत थोडी थोडी वाढवावी. यासाठी पैसा लागत नाही.

मी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात परत जाईन. तू आषाढीला घरी येणार आहेस असे काकूंनी सांगितले. येण्यापूर्वी तुझ्या डॉक्टरांना एकदा विचार आणि पंप बरोबर आण. एकादशीनंतरच्या सोमवारी सकाळी साडेपाचला मी पार्क मैदानाच्या दाराशी उभा असेन. पहिली पंधरा मिनिटे आपण नुसते चालू, बोलता येईल इतक्याच वेगाने. नंतर तुला वाटले तर एका विजेच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळू आणि तिसऱ्यापर्यंत चालू. बाटल्या मी सांभाळीन.

काका-काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
बालमित्र