बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या शेडमधल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

हे पत्र चारचौघांसमोर लिहितोय, कारण समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही विषयच बदलता. ताई तुम्हाला फोनवर वाचून दाखवेल. तेवढा वेळ कृपा करून उठू नका.

दांडिया बाजारातल्या आमच्या बोळात मी जुन्या बुलेट खोलत बसायचो, तेव्हा ती नोकरी सांभाळून केलेली हौस होती. कुणाची टाकी, कुणाचं हँडल, कुणाचं मडगार्ड. वेल्डिंगला एकीकडे धावायचं, लेथच्या कामाला दुसरीकडे. आज त्याच कामातून माझं घर चालतं आणि हाताखालच्या दोन मुलांचे पगार निघतात. हे झालं तुम्ही अर्धी शेड मोकळी करून दिलीत म्हणून. "आधी काम लागू दे, भाड्याचं मग बघू," एवढ्यावर व्यवहार झाला आणि पुढे मी भाडं द्यायला लागलो तेव्हासुद्धा आकडा तुम्ही मलाच ठरवायला लावलात. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, अशी जागा मागून मिळत नाही, हे तिथे गाळा शोधलेल्या कुणालाही विचारा.

जागेचे आभार आहेतच, पण मला खरे आभार मानायचेत ते मापाचे.

जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेट 350 चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 70 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 90 मिमी, हे मला तोंडपाठ होतं. झिजलेला ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, कसा वाचायचा, ते तुमच्याकडे शिकलो. आतला व्यास मोजणारा बोअर गेज आत सोडायचा. वर, मधे, खाली. मग तो काटकोनात फिरवून पुन्हा तीच तीन ठिकाणं. सहाही आकडे तुम्ही पाटीवर खडूने लिहायला लावायचात आणि ते लिहून होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाहीत. मग वरच्या आकड्यावर बोट ठेवून सांगायचात, "वर दाब जास्त, उष्णता जास्त, ऑइल कमी. म्हणून झीज इथे." आडव्या-उभ्यातला फरक दिसला की बोअर लंबगोल झालाय. त्यानंतरच ठरवायचं, नुसत्या होनिंगवर, म्हणजे आतून हलकं घासून, भागतंय, ओव्हरसाइज पिस्टन लागणार की स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी. आणि पिस्टन हातात आल्याशिवाय, तो स्वतः मोजल्याशिवाय बोअर करायला ब्लॉक द्यायचा नाही. आमच्या शेडमध्ये ही पद्धत आजही मोडत नाही. पाटीसुद्धा तीच आहे.

एकदा एक गिऱ्हाईक फोटो घेऊन आलं. पुढचं चाक धरणारा फोर्क लांबलचक, स्टिअरिंग बसतं ती चासीची मान कापून तिरकी पाडलेली, मागे जाड टायर. पैसे चांगले देत होतं आणि मला तेव्हा पैशांची गरज होती. तुम्ही त्याला नाही म्हणाला नाहीत. गाडी सरळ उभी करून स्टिअरिंगच्या मानेच्या रेषेत दोरा ताणून जमिनीपर्यंत आणलात, पुढच्या एक्सलवरून ओळंबा सोडलात आणि फरशीवर खडूच्या दोन खुणा केल्यात. "ह्या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. नुसती मान पाडलीस की हे वाढत जाणार. हायवेला गाडी सरळ धावेल, पण मांडवीच्या गर्दीत हळू चालवताना पुढचं चाक एका अंगाला पडायला लागेल आणि हँडल जड होईल. तू रोज कुठे चालवणार?" तो रावपुऱ्यात राहणारा मुलगा, खाली बसून त्या खुणांकडे बघत राहिला.

त्यात कायद्याचीही बाजू होतीच. कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली चालत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलंय. पण त्या मुलाला पटलं ते खडूमुळे. त्याने फोर्कचा नाद सोडला, हाताने शिवलेली सीट आणि वेगळ्या रंगाची टाकी करून घेतली. पुढे आणखी गिऱ्हाइकं त्यानेच पाठवली. चासीला करवत लावायची नाही, आपलं काम बोल्टवर बसलं पाहिजे आणि बोल्ट काढले की मूळ गाडी परत मिळाली पाहिजे, हा माझ्या धंद्याचा नियम त्या दिवसापासूनचा.

हिशेबाची वहीही तुमचीच देणगी. कोणत्या गाडीवर किती तास गेले ते रोज संध्याकाळी लिहायचं. मालाचे पैसे आधी घ्यायचे, मजुरी दोन टप्प्यांत. मित्राची गाडी असली तरी तास लिहायचेच, सूट द्यायची तर बिलात दाखवून द्यायची. हौसेचा धंदा करणाऱ्या कितीतरी चांगल्या हातांना हे सांगणारं कुणी भेटत नाही आणि मग त्यांची हौसही जाते, धंदाही. मला तुम्ही भेटलात.

तुम्ही कलाभवनात शिकलात आणि उभा जन्म टूलरूममध्ये काढलात. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं ते हातात हुन्नर असलेली माणसं या शहरात तयार व्हावीत म्हणून. तुमच्याकडे बघून ते पटतं. निवृत्तीनंतर आराम करायचा सोडून एका बोळातल्या मुलाच्या हाताला माप लावत बसलात, याचं ऋण मी कशाने फेडू?

आता एक मागणं. सध्या येझदी रोडकिंगच्या इंजिनातलं क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा, खोललंय. व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावला तर काटा थांबत नाही. हाताखालच्या मुलांना क्रँक सरळ करणं मी दाखवू शकतो, पण त्यांनी ते एकदा तुमच्या हातून बघावं असं फार वाटतं. रविवारी दहा वाजता घ्यायला येतो. काकूंनाही आणा, जेवण आमच्याकडे.

तुमचा,
शेडच्या पलीकडच्या अर्ध्या भागातला