प्लग पॉइंट जरा वर घ्या की!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रिडेव्हलपमेंटवर तुमच्याकडे बरंच छापून येतं, पण सगळं कार्पेट एरिया, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारा निधी आणि पार्किंगचं. आमच्या वाशीतल्या सोसायटीतही मीटिंगांमध्ये तेवढंच चाललं, शेवटी नवीन घराचा ताबा मिळाला आणि तिसऱ्या दिवशी बघतो तर आई काठीच्या बुडाने प्लगचं बटण दाबतेय. वय ८१, दोन्ही गुडघे गेलेले आणि नेब्युलायझर लावायचा पॉइंट जमिनीलगत. बटण काठीने दाबेल हो, पण पिन कशी घालणार?

टेप लावून मोजलं तर साडेसहा इंच. ड्रॉइंगवर ९ होतं. साइटवरच्या वायरमनला विचारलं तर म्हणाला, साहेब आम्ही स्लॅबवरून मोजलं, मग वर माल आणि टाइल्स आल्या त्यात गेले अडीच इंच. घ्या!

जुन्या सिडकोच्या घरात ट्यूब, पंखा, रेग्युलेटर आणि ५ अँपिअरचा एक प्लग असं सगळं एकाच लाकडी बोर्डावर, छातीच्या उंचीला. मोबाइल चार्जिंगला लावला की वायरीला लोंबकळायचा, दिसायला भिकार, पण कुणाला वाकायला लागत नव्हतं. आता वायरी दिसू नयेत म्हणून प्लग खाली नेले आणि ते नेमके पलंगाच्या आणि सोफ्याच्या मागे गेले, म्हणजे फोन लावायचा तर आधी सोफा ओढा.

इंग्लंडमध्ये १९९९ पासून नव्या घरांत स्विच आणि प्लग फरशीपासून ४५० ते १२०० मिलिमीटरमध्ये बसवतात, म्हणजे दीड ते चार फूट, व्हीलचेअरवरच्या माणसाचाही हात पोचावा म्हणून. आपल्याकडे दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, त्याच्या नावाने खाली गेटपाशी रॅम्प दिसतो, दाराच्या आत मात्र काही नाही. आमच्या कमिटीतले एक काका म्हणाले, दीड फुटावर घेतलं तर पोरं बोटं घालतील. अहो, रांगणाऱ्या पोराला सहा इंच जास्त सोयीचे! त्यासाठी भोकांवर झडप असलेले शटरवाले सॉकेट आणि करंट गळला की वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असते, आणि फरशी धुताना पाणी उडतं त्या दृष्टीनेही वरच बरं.

ज्यांच्या बिल्डिंगी आता पाडायच्या आहेत त्यांनी एवढं करा, प्लास्टरच्या आधी, भिंतीवर खडूच्या खुणा असतात तेव्हाच साइटवर जा, पलंग कुठे येणार ते सांगा आणि तयार फरशीपासून उंची लिहून घ्या, स्विच साडेतीन-चार फूट, प्लग किमान दीड. बिल्डरला त्यात एक पैसा जास्त लागत नाही. मला आता एक बॉक्स वर घ्यायचा तर भिंत फोडा, पाइप वाढवा, पुट्टी, रंग, आणि बिल्डर म्हणतो तुमच्या खर्चाने.

तोवर आईच्या पलंगाच्या कठड्याला एक्स्टेंशन बोर्ड दोरीने बांधलाय.

— एक वाचक, वाशी, नवी मुंबई