बाबांच्या प्रश्नाचं उत्तर, जॉर्जियाहून

प्रिय आई-बाबा,

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत ना, बेसबॉल खेळणारा पोरगा एवढे लांब लांब बॉल मारतो तर क्लबमध्ये घेऊन टाका की सरळ, त्यात बघायचं काय एवढं? फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहिते.

सध्या अमेरिकेतल्या जॉर्जियात शाळांचा बेसबॉल सीझन चालू आहे आणि मी आमच्या क्लबच्या इथल्या स्काउटबरोबर, म्हणजे नवे खेळाडू हेरणाऱ्या माणसाबरोबर, फिरतेय. जुलैत ड्राफ्ट असतो, सगळे क्लब आळीपाळीने पोरं निवडतात, एकूण 20 राउंड. ज्याला बघायला आलोय तो बारावीतला आहे, डावखुरा, मनगटं चांगली जाडजूड (नाव नाही लिहीत). मॅचआधीच्या प्रॅक्टिसमध्ये त्याने एकामागून एक बॉल कुंपणापलीकडच्या झाडांत घातले, त्याच्या बॅटचा आवाजच वेगळा येतो. पण बाबा, ही ताकद सगळ्यांनाच दिसते हो, जाळीमागे उभ्या असलेल्या प्रत्येक स्काउटला दिसत होती.

आम्ही प्रत्येक गोष्टीला 20 ते 80 मध्ये मार्क देतो, 50 म्हणजे मेजर लीगमधला (इथली सगळ्यात वरची लीग) सरासरी खेळाडू. नुसती ताकद आणि मॅचमध्ये उतरणारी ताकद, यांचे मार्क वेगळे. आणि द्यायला सगळ्यात अवघड मार्क म्हणजे बॅटला बॉल लागणार का याचा. शाळेतले बरेच पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, ताशी 130 किलोमीटरच्या आतबाहेर टाकतात, वर बॅट धातूची. पुढे लाकडी बॅट आणि 150 चा बॉल, तुमच्या क्रिकेटच्या पिचपेक्षाही कमी अंतरावरून आणि टप्पा न पडता, अर्धा सेकंदही मिळत नाही. जोई गॅलोचंच बघा, लास वेगासच्या बिशप गॉर्मन शाळेत असताना 65 होमरन (कुंपणापलीकडे मारलेले फटके), 2012 ला टेक्सास रेंजर्सने 39व्या नंबरवर घेतला. 2017 मध्ये मेजर लीगमध्ये 41 होमरन मारले आणि त्याच सीझनला 196 वेळा स्ट्राइकआउट झाला, म्हणजे बॅटला नीट बॉल न लागताच बाद.

म्हणून मी होमरनपेक्षा चुकलेला स्विंग जास्त बघते. बॅटर डावखुरा असला की आम्ही तिसऱ्या बेसच्या बाजूला सरकतो, तिथून त्याची छाती आणि हात समोरून दिसतात. पहिल्या दोन्ही वेळा हळू वळणाऱ्या बॉलवर त्याचा पुढचा खांदा आधीच उघडला आणि बॅट बॉलच्या वरून गेली. तिसऱ्यांदा पिचरने परत तोच बॉल टाकला, आणि हा थांबला! खांदा तसाच बंद ठेवून लेफ्ट फील्डला साधा सिंगल, म्हणजे एका बेसचा फटका, काढला. टाळ्या पण धड वाजल्या नाहीत, पण मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, कारण एका मॅचच्या आत शिकणारं पोरगं रोज नाही दिसत.

आई, आम्ही त्याच्या घरीही गेलो होतो. त्याची आई पैशांचं काहीच बोलली नाही, कॉलेजचं काय, एवढंच विचारत राहिली, मला तूच आठवलीस. चार वर्षांच्या कॉलेजला गेला तर साधारण तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा 21 चा होईपर्यंत परत ड्राफ्टमध्ये येता येत नाही. पण त्यात नुकसानच होतं असं नाही. आरन जजला 2010 मध्ये शाळेतून 31व्या राउंडला ओकलंडने घेतलं होतं, तो सही न करता फ्रेस्नो स्टेटला शिकायला गेला, 2013 ला यांकीजनी पहिल्या राउंडमध्ये घेतला आणि 2022 ला त्याने 62 होमरन मारले. हे मी क्लबची माणूस असूनही तिला सांगितलं, सांगायलाच हवं होतं. सही केलीच तर करारात कॉलेजच्या खर्चाची तरतूद करून घ्या, हेही सांगितलं.

रिपोर्टमध्ये मी घ्यावा असं लिहिलंय, पण पहिल्या राउंडला नाही, आणि घेतला तर खालच्या लीगमध्ये त्याला भरपूर वेळ द्या, घाई करू नका. आमचा स्काउट म्हणतो मी त्याला जरा जास्तच मार्क दिलेत. मला नाही वाटत तसं.

बाबा, बीपीची गोळी चुकवू नका. आई, रविवारी फोन करते.

तुमची,
मनू