जामीन झाला, तरी कैदी आतच

महोदय,

तुरुंगातल्या गर्दीची बातमी आली की पाठोपाठ नव्या कारागृहाची घोषणा होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ अखेर महाराष्ट्रात सुमारे पंचवीस हजारांच्या जागेत चाळीस हजारांवर बंदी होते. दर पाचांतले जवळपास चार कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. आदर्श कारागृह नियमावली बराकीत माणशी ३.७१ चौरस मीटर, म्हणजे चाळीसेक चौरस फूट जागा धरते. आर्थर रोडसारखी क्षमतेच्या तिप्पट माणसे कोंबली की वाट्याला तेरा चौरस फूट उरते. लांबी सहा फूट, रुंदी दोन फुटांहून जेमतेम जास्त. कूस बदलायची तर शेजाऱ्याला धक्का लागणारच.

भिंती सावकाश बांधा. ज्यांना न्यायालयाने जामीन दिलाय, ते आधी बाहेर येऊ द्या.

पंधरा हजारांचा जामीन मंजूर होतो आणि घोडे अडते जामीनदारापाशी. त्याचे आधार, रेशनकार्ड, पगाराची स्लिप किंवा सातबारा, वर ऐपतीचा दाखला. परप्रांतातून आलेल्या बिगाऱ्याला इथे सातबारावाला कोण भेटणार? दुचाकीचोरीचे पाच गुन्हे लागले असतील तर पाच आदेश आणि पाच जातमुचलके. चारांची पूर्तता झाली तरी पाचव्यासाठी मुक्काम तिथेच.

यावर सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी वाट घालून दिली आहे. आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात जावी, अधीक्षकांनी जामिनाची तारीख ई-प्रिझन्स या तुरुंगांच्या संगणक प्रणालीत भरावी, सात दिवसांत सुटका न झाल्यास मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. महिना उलटला तर न्यायालय स्वतःहून अट सैल करू शकते. स्थानिक जामीनदाराचा आग्रह नको, हेही त्यात आहे. गोम तारखेच्या नोंदीत आहे: ती भरलीच नाही, तर सात दिवस मोजणार कुठून? गरीब बंद्यांसाठी केंद्राची आर्थिक मदतही याच कळवण्यावर अवलंबून.

दुसरी चाळणी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ४७९ची. पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, इतरांना निम्मी मुदत आत काढल्यावर सोडण्याची ही तरतूद. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. साध्या चोरीला कमाल तीन वर्षे, म्हणजे पूर्वी शिक्षा न झालेल्याला बारा महिने. अर्ज अधीक्षकांनीच करायचा आहे आणि जुन्या खटल्यांनाही हे लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयात २३ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट झाले. मात्र एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असले की पोटकलम २ आडवे येते, म्हणजे दुचाकीचोरीचे पाच गुन्हे लागलेला पुन्हा बाद. शिवाय यादी रिमांड वॉरंटवरच्या, म्हणजे कोठडीत पाठवतानाच्या आदेशावरच्या, कलमांवरून काढली आणि दोषारोपपत्रात गळलेले जड कलम तुरुंगाच्या नोंदीत तसेच राहिले, तर पात्र माणूस यादीत येतच नाही. दोन्हीकडची कलमे हातानेच ताडून पाहावी लागतात. कंटाळवाणे काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांची आढावा समिती असते. जामीन मंजूर होऊन सात दिवस उलटलेले किती आणि महिना उलटलेले किती, हे दोन आकडे तिने दरमहा फलकावर लावावेत. आपल्या बातमीदारांनीही नव्या तुरुंगाचा खर्च विचारताना हे दोन आकडे मागावेत.

– विधी सहाय्य वकील, ठाणे