वहिनीला बोल लावू नका

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

काल फोनवर आत्या मध्येच म्हणाली, "नवऱ्यावर वेळ आली आणि ही माहेरी जाऊन बसली." तुम्ही दोघंही गप्प राहिलात. ते वाक्य आपल्याच घरात ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. फोनवर बाबा, तुम्ही "असू दे, असू दे" म्हणता आणि विषय तिथेच मिटतो, म्हणून लिहायला बसले.

दादा गाडीवरून पडला, त्यानंतर त्याच्या हाताचं प्लास्टर निघालं, टाके सुकले, तो हिंडायला लागला आणि सगळ्यांनी धरून चाललं की तो बरा झाला. डिस्चार्ज देताना आपल्याला गोळ्यांच्या वेळा सांगितल्या. डोक्याला असा मार लागला की माणसाचा स्वभाव बदलू शकतो, हे मात्र कुणीच सांगितलं नाही. तेवढं कानावर पडलं असतं तरी वहिनीचे कितीतरी हाल वाचले असते.

कपाळामागचा मेंदू आपल्याला आवरून धरतो. मनात आलेलं बोलायचं की गिळायचं, राग आला तर हात उचलायचा की नाही, हे बरंचसं तिथे ठरतं. गाडीवरून पडताना मेंदू कवटीच्या आत आपटतो, आणि डोळ्यांच्या वरचं हाड आतून खडबडीत असल्यामुळे नेमका हाच भाग जास्त खरचटतो. आतले बारीक तंतू ताणले जाऊन तुटतात, ते साध्या सीटी स्कॅनमध्ये पुष्कळदा दिसतही नाहीत. तेव्हा "रिपोर्ट तर चांगला आहे, मग हा नाटकं करतो" असं काका म्हणाले तर ऐकून घेऊ नका.

हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. 1848 साली अमेरिकेत व्हरमाँटमध्ये रेल्वेच्या कामावर खडक फोडताना सुरुंग उडाला आणि फिनिअस गेज नावाच्या 25 वर्षांच्या मुकादमाच्या डोक्यातून सहा किलोची पहार आरपार गेली. तो वाचला. पण कामात चोख असलेला हा माणूस नंतर शिवराळ आणि हट्टी झाला. त्याचे मित्र म्हणत, हा आता गेज राहिलाच नाही. डॉक्टर हार्लो यांनी ते लिहून ठेवलंय. मला त्याच्या पुढच्या आयुष्याचा जास्त धीर वाटतो. चिलीमध्ये तो कित्येक वर्षं घोडागाडी हाकत होता. रोज तेच ठरलेलं काम, त्यानेच तो सावरला असावा असं काही अभ्यासक मानतात.

आता वहिनीचं. आई, साखरपुड्यात दादा पाहुण्यांसमोर तिच्या दिसण्यावरून बोलला, तेव्हा तू मान खाली घातलीस. तिला ते रोज ऐकावं लागत होतं. कुकरची शिट्टी, टीव्ही आणि पोराचं रडणं एकदम सुरू झालं की तो ताट भिरकावायचा, आणि पाच मिनिटांनी शांतपणे विचारायचा, "भाजी कसली आहे?" आपण काही वावगं केलं, हे त्याच्या ध्यानातच येत नाही, तोही दुखापतीचाच भाग आहे. त्याच्या वाटची लाज मग तिने वाहायची. ज्याच्याशी रात्री दोन शब्द बोलावेत तो माणूस तिच्या हातून गेला, आणि नवरा समोर धडधाकट बसलेला, म्हणून तिचं सांत्वन करायलाही कुणी येत नाही. त्यात पोर बापाला घाबरून पलंगाखाली लपायला लागलं. त्याला घेऊन ती गेली, यात तिचं काय चुकलं? तुमचाही मुलगा हरवलाय, बाबा. पण त्याचा राग तिच्यावर काढू नका.

घरातलं काही लगेच करता येईल. दादा जेवत असताना टीव्ही बंद ठेवा. "आंघोळ कर" म्हटलं की तो तासभर तसाच बसतो, त्याला आळशी म्हणू नका. सुरुवात करणंच त्याला जमत नाही. "ऊठ", मग "टॉवेल घे", असं एकेक सांगून बघ, आई. फिटसाठी लेव्हेटिरॅसिटॅमची गोळी चालू आहे, तिने काहींची चिडचिड वाढते, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. मनाने मात्र बंद करू नका, फिट येईल. आई, तुला अंगारा लावायचा तर लाव, पण तपासणी चुकवू नकोस. आणि तुलाच असह्य झालं तर 14416 वर फोन कर. टेली-मानसची सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

नातेवाइकांपासून लपवणं आता पुरे. "मेंदूला मार लागलाय, म्हणून तो असा वागतो," एवढं सरळ सांगा. समजून घेणारे येत राहतील.

शनिवारी मी येते आहे. रविवारी दादाजवळ मी थांबेन, तुम्ही दोघं वहिनीच्या माहेरी जाऊन या. "परत चल" म्हणायला जाऊ नका. तिने किती सोसलं ते आपल्याला कळलंय, एवढं तिच्या आईवडिलांसमोर बोला आणि पोराच्या शाळेच्या फीचं विचारा. तिच्या वडिलांना आधी फोन मात्र बाबा, तुम्हीच करा. तुमच्या तोंडून गेलेल्या शब्दाला तिथे मान आहे.

तुमची लेक