डिझेल गाडीला पेट्रोल गाडीच्या स्प्रिंगा दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : लोअरिंग स्प्रिंगांच्या (गाडी खाली आणणाऱ्या आखूड स्प्रिंगांच्या) संचात पुढच्या दोन स्प्रिंगा चुकीच्या निघाल्याबाबत व झालेल्या नुकसानीच्या भरपाईबाबत.

महोदय,

माझी गाडी सात वर्षांपूर्वी घेतलेली डिझेल सेडान असून घरातील आम्ही पाच माणसे तीच वापरतो. गेल्या नोव्हेंबरात आपल्या पुण्यातील अधिकृत विक्रेत्याकडून मी आपल्या कंपनीचा चार स्प्रिंगांचा संच 26,500 रुपयांना विकत घेतला आणि त्यांच्याच गॅरेजमध्ये बसवून घेतला. गाडी खाली बसवण्यामागे दिखाव्याचा हेतू नव्हता. आमचे गाव दापोली तालुक्यात आहे. ताम्हिणी घाट उतरताना वळणावळणाला गाडी कलते आणि माणगाव येईपर्यंत माझ्या आईला दोन-तीनदा उलटी होते. गाडी थोडी खाली आली आणि स्प्रिंग थोडी कडक झाली तर हे कलणे कमी होईल, असे आपल्या प्रतिनिधीने मला समजावून सांगितले, आणि तत्त्व म्हणून ते बरोबरच आहे. गाडी पुढून आणि मागून 35 मिलिमीटर खाली येईल, मूळ शॉकअॅब्सॉर्बर बदलावे लागणार नाहीत आणि पाच माणसे बसली तरी गाडी आपटणार नाही, असे आपल्या माहितीपत्रकातही छापलेले आहे.

काम करण्यापूर्वी मी चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवले होते. ते पुढे 382 आणि मागे 378 मिलिमीटर होते. काम झाल्यावर आठवड्याने, त्याच सपाट फरशीवर, गाडी रिकामी असताना पुन्हा मोजले तेव्हा मागचे अंतर 344 भरले, म्हणजे मागची बाजू सांगितल्याप्रमाणे खाली आली होती. पुढचे मात्र 324 भरले, म्हणजे पुढची बाजू 35 ऐवजी 58 मिलिमीटर खाली गेली होती. मी हे विक्रेत्याच्या कानावर घातले तेव्हा ‘नवी स्प्रिंग बसते’ एवढेच उत्तर मिळाले. नवी स्प्रिंग वापराने काही मिलिमीटर बसते, म्हणजे दबून आखूड होते, हे मलाही ठाऊक आहे, परंतु चारपैकी फक्त पुढच्या दोन स्प्रिंगाच ठरल्यापेक्षा 23 मिलिमीटर अधिक कशा बसल्या, याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

या 23 मिलिमीटरचा रोजच्या वापरात काय अर्थ झाला ते सांगतो. माझ्या गाडीचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचा तळ यांतील अंतर) 165 मिलिमीटर होता. आपल्या स्प्रिंगांवर इंजिनाखाली 107 उरला, तोही गाडी रिकामी असताना. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे नीट बांधलेला गतिरोधकसुद्धा 10 सेंटिमीटर उंच असतो, आणि आपल्याकडचे बहुतेक गतिरोधक त्या मानकात बसत नाहीत हे आपणही जाणता. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी असलेल्या गतिरोधकापाशी मला रोज आईला आणि मुलांना खाली उतरवावे लागे, मग गाडी तिरकी घालून पलीकडे न्यावी लागे आणि त्यांना पुन्हा बसवावे लागे. आईचे गुडघे दुखतात. जिच्या त्रासासाठी हा खर्च केला, तिच्याच वाट्याला हे आले, याचे मला फार वाईट वाटते.

डिसेंबरात गावी जाताना घाटात याहून गंभीर प्रकार घडला. उखडलेल्या रस्त्याच्या वळणावर पुढचे डावे चाक खड्ड्यात गेले, धाडकन आवाज झाला आणि गाडी पुढच्या बाजूने वळणाबाहेर सरकू लागली. वेग कमी होता म्हणूनच निभावले. पुढे माणगावला थांबलो तेव्हा चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) घासून तेल गळत असल्याचे दिसले.

पुण्याला परतल्यावर मी गाडी दुसऱ्या, माझ्या नेहमीच्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी पुढचा डावा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर एकत्र असलेला भाग) माझ्यासमोर उतरवला आणि धुळीचे रबरी आवरण वर सरकवले, तेव्हा आतल्या बंप स्टॉपचे (स्ट्रट पूर्ण दबला तर आघात झेलणाऱ्या ठोकळ्याचे) तीन तुकडे त्यांच्या हातात आले. गाडी उभी असतानाही स्ट्रट जवळजवळ बंप स्टॉपवरच टेकलेला असे, त्यामुळे खड्डा आला की स्प्रिंगला दबायला जागाच उरत नव्हती आणि सगळा आघात बॉडीवर व टायरवर जात होता. त्यांनी स्प्रिंगच्या खालच्या वेढ्यावरचा चिखल कापडाने पुसला आणि तिथला छापील क्रमांक मला दाखवला. खोक्यावरच्या स्टिकरवर माझ्या डिझेल मॉडेलचा क्रमांक आहे. स्प्रिंगवरचा क्रमांक आपल्याच कॅटलॉगमध्ये त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीसमोर दिलेला आहे. उजवी स्प्रिंगही तशीच निघाली. डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा जड असते, म्हणून त्याला पुढे अधिक कडक स्प्रिंग लागते. स्प्रिंग आखूड केली की दबायला जागा कमी उरते, म्हणून तिचा कडकपणा वाढवावाच लागतो, हे तर आपल्या व्यवसायाचे पहिले सूत्र आहे. माझ्या गाडीला आखूड आणि वर अपुरी कडक अशी स्प्रिंग मिळाली.

टायरांचेही नुकसान झाले आहे. 4,100 किलोमीटरमध्ये पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड गुळगुळीत झाली. अलाइनमेंटच्या वेळी टो (वरून पाहिल्यास चाके आत-बाहेर वळलेली असण्याचे प्रमाण) जुळवता आला, परंतु या गाडीत कॅम्बर (समोरून पाहिल्यास चाकाचा उभा कल) जुळवण्याची सोय नाही, आणि पुढची बाजू इतकी खाली गेल्यामुळे तो मर्यादेबाहेरच राहिला.

आपल्या कार्यालयाने माझ्या ई-मेलला उत्तर देताना खराब रस्ते आणि जास्त भार यांकडे बोट दाखवले आणि गाडीत बदल करण्याची जबाबदारी ग्राहकाची असते असे लिहिले. बदल करण्याचा निर्णय माझा होता, ती जबाबदारी मी झटकत नाही. मात्र मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, याचा शब्दही न काढता आपल्या प्रतिनिधीने ‘आरटीओत काही करावे लागत नाही’ असे मला सांगितले होते. आणि खोक्यात चुकीची स्प्रिंग कोणी भरली, या प्रश्नाचा रस्त्याशी काहीच संबंध नाही.

म्हणून माझी मागणी अशी की संचाची पूर्ण किंमत, बसवण्याची व काढण्याची मजुरी, दोन टायर, दोन बंप स्टॉप आणि चेंबरची दुरुस्ती मिळून बिलांप्रमाणे होणारी 58,740 रुपयांची रक्कम पंधरा दिवसांत मला परत करावी. त्याचबरोबर, याच खेपेतील संच ज्या डिझेल गाड्यांना बसवले गेले त्यांच्या मालकांना आपण स्वतः फोन करून स्प्रिंगवरचा क्रमांक तपासायला सांगावे. माझी गाडी घाटात थोडक्यात वाचली, दुसऱ्या कुणाची वाचेलच असे नाही, म्हणून ही मागणी मला पैशांपेक्षा मोठी वाटते. मुदतीत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

बिले, मोजमापांची नोंद, अलाइनमेंटचा अहवाल आणि क्रमांकाची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. मूळ स्प्रिंगा गाडीला पुन्हा बसवल्या आहेत. आपल्या चारही स्प्रिंगा खोक्यासह माझ्याकडे जपून ठेवल्या असून आपला तंत्रज्ञ केव्हाही येऊन त्या पाहू शकतो. रक्कम हाती आल्याशिवाय मी त्या परत देणार नाही.

आपला विश्वासू,
(नाव व पत्ता बिलावर नमूद केल्याप्रमाणे)