लवादाची फी तक्त्यानुसारच हवी

महोदय,

निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांची वाटचाल आम्ही जुने मुंबईकर आदराने पाहत आलो. कामगार कायद्याची वकिली, मुंबई उच्च न्यायालय, 1992-93च्या दंगलींची चौकशी आणि 1998चा निर्भीड अहवाल, मग सर्वोच्च न्यायालय. 2006 मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी लवाद, म्हणजे न्यायालयाबाहेर वादाचा निवाडा देणारा पंच, म्हणून काम केले. 2017 मध्ये ते संस्थात्मक लवादावरील (असे निवाडे संस्थांमार्फत चालवण्याच्या पद्धतीवरील) उच्चस्तरीय समितीचे अध्यक्षही होते. असा अनुभव घरी बसून वाया जाऊ नये, हे मी मनापासून म्हणतो.

मी एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव. पुनर्विकासाच्या वादात आमचे लवादही निवृत्त न्यायमूर्तीच होते. गळती फोटोत नीट कळेना, तर ते स्वतः चार मजले चढून आले, भिंतीला हात लावून पाहिला. विकासकाच्या वकिलाने पुढची तारीख मागितली, ती दिली नाही. पण फी प्रत्येक बैठकीची, शिवाय फोर्टमधल्या खोलीचे भाडे आणि लघुलेखकाचे पैसे वेगळे. निम्मा वाटा आमचा. पेन्शनवर जगणाऱ्या सभासदांकडून तो मागताना जीव तुटायचा.

लवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, म्हणजे परिशिष्टात, लवादाच्या फीचा तक्ता आहे, कमाल 30 लाख रुपये. लवादाने एकतर्फी फी ठरवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावलेही. मात्र पक्षकारांनी करारात वेगळे काही मान्य केले असले की तक्ता बाजूला पडतो, आणि आमचा करार लिहिला होता विकासकाच्याच वकिलाने. गृहनिर्माण संस्थांच्या वादांत तरी सरकारने हा तक्ता सक्तीचा करावा.

— एक सचिव, मुलुंड